सकर मासा टाकीतून काढावा का? आणि काढून ठेवावा कुठे?

बारामती-इंदापूर : टाकीच्या काचेवरील शेवाळ खाऊन काच लख्ख ठेवतो, या एका ख्यातीवर सकर मासा घरोघरी पोहोचला. दुकानातून आणताना तो बोटभर लांबीचा असतो. दोन-तीन वर्षांत तो फूटभर होतो, वळायला जागा उरत नाही, रात्री टाकीतील दगड-झाडे उलथवू लागतो आणि एके दिवशी घरात प्रश्न उभा राहतो की याचे आता करायचे काय? मारायचे मनात येत नाही. दुकानदार परत घेत नाही. मग पिशवीत पाणी भरून त्याला जवळच्या नदीत, तलावात किंवा कालव्यात सोडले जाते आणि एका मुक्या जिवाला मोकळे केल्याचे समाधान मानले जाते.

या समाधानाची किंमत दुसरेच कोणी मोजत असते. गेल्या काही वर्षांत उजनी जलाशयात मासेमारी करणाऱ्यांच्या जाळ्यांत हा मासा येऊ लागला आहे. भिगवण आणि इंदापूरच्या मासळी बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. त्यामुळे हा मासा ठेवावा की काढावा, हा प्रश्न घरातील टाकीपुरता छोटा दिसला तरी तो शे-दीडशे किलोमीटर खालच्या पाण्यापर्यंत पोहोचतो.

मासा कोण, कुठला?

सकर हा मार्जारमीन, म्हणजे मिशांच्या माशांच्या मोठ्या गटातला. आपले शिंगाळा आणि मांगूर हेही याच गटातले. पण सकरचे कुळ वेगळे आणि ते पूर्णपणे अमेरिका खंडातील आहे. ॲमेझॉन, ओरिनोको, पाराना या दक्षिण अमेरिकेतील नद्यांची खोरी हे त्याचे मूळ घर. शास्त्रीय वर्गीकरणात त्याचे कुळ लोरिकॅरिडी आणि प्रजाती टेरिगोप्लिक्थिस. या प्रजातीतील तीन-चार जाती दिसायला इतक्या सारख्या आहेत, आणि त्यांचा परस्पर संकरही होतो, की नुसत्या डोळ्यांनी त्या वेगळ्या ओळखणे अभ्यासकांनाही जड जाते. दुकानात मात्र सगळ्यांना एकच नाव, सकर.

ओळख पटवायला त्याचे अंग पुरेसे आहे. त्याला इतर माशांसारखी खवले नसतात. त्याऐवजी हाडांच्या चकत्यांचे चिलखत असते. तोंड खालच्या बाजूला, गोल आणि चूषकासारखे. त्याच तोंडाने तो काचेला चिकटतो, वाहत्या नदीत दगडाला धरून राहतो आणि त्यावरील शेवाळ खरवडून खातो. पाठीवरील पर शिडासारखा उंच असतो. पाठीच्या आणि छातीच्या परांना जाड, राठ काटे असतात. पूर्ण वाढलेला मासा दीड फुटांच्या आसपास जातो.

त्याची खरी ताकद बाहेरून दिसत नाही. पाण्यातील प्राणवायू कमी झाला की तो पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो आणि जठराच्या भिंतीतून प्राणवायू शोषतो. इतर मासे ज्या पाण्यात उलटे होऊन तरंगू लागतात, त्या पाण्यात सकर जगतो. पाण्याबाहेर काढला, अंग ओले राहिले, तर तो कित्येक तास तग धरतो. मच्छीमाराने काठावर फेकलेला मासा संध्याकाळपर्यंत हालत असतो, यात नवल काही नाही.

सफाई कामगाराची अर्धी गोष्ट

सकर शेवाळ खातो हे खरे आहे, विशेषतः लहान असताना. मात्र जे खाल्ले ते विष्ठेच्या रूपाने त्याच पाण्यात पडते आणि या माशाची विष्ठा थोडी नसते. काच स्वच्छ दिसते, पाणी स्वच्छ होतेच असे नाही. वाढत्या वयाबरोबर तो शेवाळापेक्षा इतर माशांसाठी टाकलेल्या खाद्याकडे वळतो. उपाशी राहिला तर रात्रीच्या वेळी गोल्डफिशसारख्या संथ, रुंद अंगाच्या माशाला चिकटून त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर खरवडतो. सकाळी गोल्डफिशच्या अंगावर पांढरे चट्टे दिसतात आणि घरचे लोक रोगाचे औषध आणायला दुकानात जातात.

म्हणून दोन-अडीच फुटांच्या टाकीत सकर ठेवूच नये, असे स्पष्ट म्हणायला हवे. आधीच असेल तर तो काढावा. घरगुती टाकी ही त्याची जागा नव्हेच. शेवाळ माजण्याचे कारण बहुतेक वेळा प्रकाश आणि खाद्य यांचा अतिरेक हे असते. टाकी खिडकीपासून दूर केली, दिवा दिवसाला सात-आठ तासांवर आणला, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य टाकले आणि आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलले, तर शेवाळ खाणाऱ्या माशाची गरज उरत नाही. उरलेसुरले शेवाळ काच खरवडण्याच्या चुंबकी घासणीने निघते. हे काम दहा मिनिटांचे आहे; पण ते करण्याचा कंटाळा हाच सकरच्या धंद्याचा पाया आहे.

समुद्री टाकीतील उलटे उत्तर

‘नको असलेला जीव काढावा का?’ हा प्रश्न समुद्री टाकी बाळगणाऱ्यांना वेगळ्या जिवाबाबत पडतो आणि त्याचे उत्तर सकरच्या नेमके उलट येते. खाऱ्या पाण्याच्या टाकीत सच्छिद्र खडक ठेवतात. त्याच्या फटींतून काही महिन्यांनी गुलाबी-तपकिरी रंगाचे, दोन्ही कडांना पांढऱ्या राठ केसांचे झुबके असलेले किडे रात्री बाहेर पडताना दिसतात. यांना ब्रिसल वर्म म्हणतात. हे गांडुळाचे समुद्रातील चुलतभाऊ, वलयी संघातलेच. कोकण किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी दगड उलटला तर त्यांचे नातलग सहज सापडतात. केसांना हात लागला तर निवडुंगाची बारीक कुसळे घुसावीत तशी आग होते. कुसळे चिकटपट्टीने ओढून काढावी लागतात. त्यामुळे पहिल्यांदा पाहणारा माणूस हादरतो आणि सगळे किडे काढण्याच्या मागे लागतो.

अनुभवी मंडळी त्याला थांबवतात, आणि बरोबर थांबवतात. यातील बहुतेक जाती उरलेले खाद्य, विष्ठा आणि खडकाआड मरून पडलेला एखादा मासा खातात. माणसाचा हात जिथे पोहोचत नाही, तिथली घाण ते संपवतात. मेलेल्या माशाभोवती त्यांची गर्दी दिसली की त्यांनीच मासा मारला असा समज होतो. प्रत्यक्षात ते प्रेतावर आलेले असतात. त्यांची संख्या एकाएकी वाढली तर दोष किड्यांचा नसतो, टाकीत जास्त पडणाऱ्या खाद्याचा असतो. खाद्य कमी केले की काही आठवड्यांत संख्याही उतरते. घाईने सगळे किडे मारले तर तेच सडून पाणी बिघडवतात. अपवाद मोजके आहेत. अटलांटिक समुद्रातील फायरवर्म ही जात प्रवाळ खाते. तिला सापळा लावून, चिमट्याने पकडून काढावेच लागते.

जाता जाता एक सूचना. प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रातून उचलून आणलेला प्रवाळाचा तुकडा टाकीत ठेवणे हा शौक नव्हे, गुन्हा आहे.

ब्रिसल वर्म आणि सकर, दोघेही सफाई करणारे. एकाची संख्या खाद्यावर बेतलेली राहते आणि तो टाकी सोडून कुठे जात नाही. आपल्या गोड्या पाण्यात तो जगूच शकत नाही. दुसरा वाढत राहतो, टाकीबाहेर पडतो आणि बाहेरच्या पाण्यात घर करतो. परका आहे किंवा दिसायला किळसवाणा आहे, एवढ्यावर काढण्याचा निर्णय घेता येत नाही. तो काय खातो आणि त्याला कोण आवर घालतो, हे पाहावे लागते.

पाणी कुठून कुठे जाते

पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या घरांतून मुळा, मुठा, पवना यांत सोडलेल्या माशाचा पुढचा प्रवास ठरलेला आहे. मुळा-मुठेचा प्रवाह रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतो. त्याआधी तुळापूरला इंद्रायणी भीमेत आलेली असते. भीमा दौंडवरून खाली उतरते आणि इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवर उजनीचा फुगवटा सुरू होतो. भिगवण, कुंभारगाव, पळसदेव ही गावे त्याच्या काठावर आहेत. शहरांचे सांडपाणीही याच वाटेने येते, आणि प्राणवायू कमी असलेले हे पाणी इतर माशांना जाचते तेव्हा हवेतून श्वास घेणाऱ्या सकरला ते अडवत नाही.

बारामतीकरांची वाट निराळी. शहरातून वाहणारी कऱ्हा सोनगावजवळ नीरेला मिळते. नीरा बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या दक्षिण कडेने जाऊन नीरा नरसिंहपूरला भीमेत शिरते. हा संगम उजनी धरणाच्या खाली आहे. म्हणजे बारामतीत कऱ्हेत सोडलेला मासा धरणात पोहोचणार नाही. पण नीरेत आणि पंढरपूरकडे जाणाऱ्या भीमेत पोहोचेल. कालव्यात सोडला तर शेततळ्यात, पाझर तलावात शिरायला त्याला वेळ लागणार नाही. पाण्याला तालुक्याची हद्द माहीत नसते.

चिलापीच्या जलाशयात नवा पाहुणा

सोलापूर जिल्ह्यातील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. पैकी साधारण ५४ टीएमसी उपयुक्त आणि सुमारे ६३ टीएमसी मृत साठा. या पाण्याने ज्यांची जमीन गेली त्यांपैकी काहींना आणि परंपरेने मासे धरणाऱ्या भोई-कोळी कुटुंबांना पुढे याच पाण्याने पोटाला दिले. रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम, शिंगाळा असे मासे येथे मिळत आले. आज मात्र उजनीची मासेमारी म्हटले की पहिले नाव येते ते चिलापीचे.

चिलापी हाही परकाच. तिलापिया मूळचा आफ्रिकेचा. त्याची पहिली जात १९५२ साली भारतात आणली गेली. झपाट्याने वाढणाऱ्या या माशाने देशी माशांची जागा आणि अन्न बळकावले, ही तक्रार जुनी आहे आणि ती खोटीही नाही. तरीही तो विकला जातो, खाल्ला जातो, त्यावर चुली पेटतात. दर किलोला भाव कमी मिळाला तरी जाळे रिकामे येत नाही. सकरच्या बाबतीत हेही नाही. त्याच्या चिलखताखाली मांस थोडे, सोलायला कष्ट फार आणि रूप असे की पाटीत ठेवला तर शेजारची मासळीही गिऱ्हाईक घेत नाही. काट्यांत जाळे अडकते. मासा सोडवताना जाळ्याचे धागे तुटतात, हात फाटतात. पहाटे होडी काठाला लावायच्या वेळी हे काम करत बसावे लागणे म्हणजे लिलावाला उशीर आणि उशीर म्हणजे भाव गेला.

सकरमुळे जलाशयाचे काय होऊ शकते, याचे उदाहरण मेक्सिकोत आहे. मिचोआकान राज्यातील इन्फिएर्नियो हा मोठा धरण-जलाशय तेथील तिलापियाच्या मासेमारीसाठी प्रसिद्ध होता. हजारो मच्छीमार त्यावर जगत. या शतकाच्या पहिल्या दशकात त्या जलाशयात सकरची संख्या इतकी वाढली की जाळ्यात तिलापियापेक्षा सकरच अधिक येऊ लागले. जाळी फाटली, उत्पन्न घसरले, अनेकांनी होड्या काठाला लावल्या. धरणाचे पाणी, तिलापियाची मासेमारी, बाजारात न चालणारा काटेरी मासा, हे चित्र उजनीकाठच्या माणसाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. उजनीत अजून ती वेळ आलेली नाही, एवढाच दिलासा.

नुकसान केवळ जाळ्याचे नसते. विणीच्या काळात नर मासा काठाच्या मातीत तीन-चार फुटांपर्यंत खोल बिळे खणतो. मादी त्यात अंडी घालते आणि नर ती राखतो. अमेरिकेतील फ्लोरिडा व टेक्सास येथे आणि मेक्सिकोत अशा बिळांमुळे काठ ढासळल्याच्या नोंदी आहेत. उजनीचा काठ म्हणजे बहुतेक ठिकाणी मऊ काळी माती आणि तिच्या वर ऊस. तळाचे शेवाळ खरवडताना हा मासा तिथे चिकटलेली इतर माशांची अंडीही गिळतो.

भिगवणचे नाव देशभर झाले ते रोहित पक्ष्यांमुळे. रोहित उथळ पाणी गाळून सूक्ष्म जीव खातो, त्याला सकरचा थेट धोका नाही. पण पाणकावळे, बगळे, करकोचे हे मासे सबंध गिळणारे पक्षी याच पाण्यावर आहेत. पोर्तो रिकोत तपकिरी झोळीवाले पक्षी सकर गिळताना त्याचे काटे घशात अडकून मेल्याचे १९९४ साली नोंदले गेले आहे. जो पक्षी या माशाला आवर घालील अशी आशा धरावी, त्याच्याच घशात तो अडकतो.

भारतात हा मासा उजनीपुरता नाही. केरळमधील पाणवठे, कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ प्रदेश, आंध्र प्रदेश अशा अनेक ठिकाणी तो आढळला आहे. वाराणसीला गंगेत तो सापडल्याची बातमी २०२० मध्ये गाजली. शेजारच्या बांगलादेशाने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली.

जलाशयातून काढता येईल का?

सरळ उत्तर नाही असे आहे. तलाव कोरडा करून मासे संपवणे लहान तळ्यात जमते. उजनी उन्हाळ्यात ‘उणे’ पातळीत गेली की वर्तमानपत्रांत मथळे येतात, पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. तरीही मृत साठ्याचे कित्येक टीएमसी पाणी तळाशी असतेच. पाण्यात विष घालण्याचा विचार पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात करताच येत नाही. म्हणजे राहतो तो एकच मार्ग, सतत पकडत राहण्याचा. जाळ्यात आलेला सकर पुन्हा पाण्यात न फेकणे ही त्याची पहिली पायरी; पण ज्याला त्याचे पैसे मिळत नाहीत, त्याने तो काठापर्यंत का आणावा, हा मच्छीमाराचा प्रश्न रास्त आहे. खत किंवा पशुखाद्यासाठी असा मासा ठरावीक भावाने विकत घेण्याची व्यवस्था झाली, तरच हे काम चालू राहील. मात्र सांडपाण्यात वाढलेल्या माशात जड धातू साठण्याची शक्यता असते. त्यामुळे तपासणीशिवाय तो कोंबड्यांच्या किंवा माणसांच्या ताटात जाता कामा नये.

कायद्याचा अनुभव मांगूरच्या बाबतीत या भागाने घेतला आहे. आफ्रिकी मांगूरच्या पैदाशीवर २००० साली बंदी आली, राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये साठे नष्ट करण्याचे निर्देश दिले आणि इंदापूर तालुक्यात उजनीकाठची मांगूरची तळी प्रशासनाने बुजवली. तळी पुन्हा उभी राहतात, पुन्हा कारवाई होते. पण तिथे निदान तळे असते, त्याला मालक असतो. सकरच्या मागे असा मालक सापडत नाही. हजारो घरांतील हजारो पिशव्या, प्रत्येकीत एकच मासा. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने आक्रमक परक्या जातींची आयात, व्यापार आणि बाळगणे यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे. तो सकरच्या विक्रीवर वापरला गेला, तर निम्मे काम दुकानाच्या दारातच होईल.

टाकीतून काढताना

घरातून सकर काढायचा तर जाळीचा वापर टाळावा. काटे जाळीत अडकतात आणि मासा व हात दोन्ही जखमी होतात. प्लॅस्टिकचा रुंद डबा पाण्यात बुडवून त्यात त्याला हाकलावे आणि पाण्यासकट उचलावे. पहिली विचारणा दुकानदाराकडे करावी. त्याने नकार दिला तर सहा फुटांची टाकी बाळगणारा हौशी, शाळा-महाविद्यालयातील किंवा संस्थेतील बंदिस्त मत्स्यालय येथे चौकशी करावी. शेततळे, विहीर, बागेतील हौद हे पर्याय नव्हेत. पावसाळ्यात तळे भरून वाहिले की मासा ओढ्याला लागतो. विहिरीतूनही तो उपशाच्या पाण्यावाटे, बादलीवाटे बाहेर पडू शकतो.

कोणीच घेत नसेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने त्याला वेदनारहित मरण देणे हा नदीत सोडण्यापेक्षा अधिक जबाबदार मार्ग आहे. लवंगेच्या तेलातील युजेनॉल या द्रव्याने माशाला आधी गुंगी आणि मग मरण येते. त्याचे प्रमाण पशुवैद्य सांगतात. शौचालयात सोडणे, उन्हात टाकणे हे प्रकार क्रूर आहेत आणि हवेवर जगणाऱ्या या माशाच्या बाबतीत ते फार लांबतात. मेलेला मासा कुंडीत किंवा अंगणात खोल पुरावा. टाकीतले जुने पाणी झाडांना घालावे. टाकीतील पाणवनस्पती आणि गोगलगायी नदी-ओढ्यात न टाकता वाळवून कचऱ्यात द्याव्यात. त्यातही परक्या जाती असतात.